निवासी डॉक्टरांच्या जागरणाचा हिशेब कोण ठेवणार?

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य,
मा. आयुक्त, वैद्यकीय शिक्षण,
आणि राज्यातील सर्व शासकीय व महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता यांस,

महोदय,

गेल्या महिन्यात राज्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या एका विभागात निवासी डॉक्टरांसमोर, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांसमोर, हजेरीची नवी वही ठेवण्यात आली. सकाळी आठ ते रात्री आठ ही वेळ तीत आधीच छापलेली होती, आणि तपासणी पथक येणार असल्याने मागील सबंध महिन्याच्या सह्या एकाच बैठकीत उरकून घेण्यात आल्या. सह्या करणाऱ्यांत माझी मुलगी होती. त्याच आठवड्यात ती सोमवारी सकाळी सात वाजता वॉर्डात शिरली होती आणि मंगळवारी रात्री नऊ वाजता बाहेर पडली होती. मधल्या ३८ तासांत तिला मिळालेली झोप म्हणजे कॅज्युअल्टीशेजारच्या खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या लागलेली डुलकी. वहीत मात्र त्या दोन दिवसांचे मिळून २४ तास लागले आहेत आणि मधली रात्र झालीच नाही असे दिसते. कागदावरून नाहीशी केलेली ही रात्र हाच या पत्राचा विषय आहे. महाविद्यालयाचे नाव मी लिहीत नाही. एक तर मुलीची परीक्षा अजून व्हायची आहे, आणि दुसरे म्हणजे हे एकाच महाविद्यालयात घडते असे मला वाटत नाही.

मी डॉक्टर नाही. एस.टी. महामंडळात वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. चालक-वाहकांना कामगिरी लावणे, गाडी वेळेवर सोडणे, मुक्कामी गाडीचा चालक परतला की त्याला किती विश्रांती मिळाली ते पाहून पुढची कामगिरी देणे, हे माझे रोजचे काम. त्या काळी आम्हाला १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता. त्यानुसार दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा होती. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी आणि सणासुदीला दिवसाला १० तासांपर्यंत सवलत होती. आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ९ तासांची विश्रांती देणे बंधनकारक होते. यात्रेच्या दिवसांत आणि दिवाळीत हे सारे तंतोतंत पाळले जाई, असा दावा मी करणार नाही. पण नियम मोडला तर तो कागदावर मोडलेला दिसे, आणि त्या कागदावर सही कोणाची, हे विचारता येई. चालकाला डुलकी लागून गाडी खड्ड्यात गेली तर चौकशीत सुरुवातीलाच विचारले जाई की, याची आदली कामगिरी कोणती होती आणि ती कोणी लावली. माझ्या मुलीच्या हातून पहाटे चार वाजता चूक झाली तर हे कोणीही विचारणार नाही. चूक तिची, नोटीस तिला, आणि रुग्णाच्या नातेवाइकांचा रोषही तिच्याच वाट्याला.

डॉक्टरांसाठी असा नियमच नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. नियम आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांबाबत काढलेल्या निर्देशांत कनिष्ठ निवासी डॉक्टरांनी साधारणपणे आठवड्याला ४८ तास काम करावे, एका वेळी १२ तासांहून अधिक काम त्यांना देऊ नये आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे म्हटले आहे. त्या वर्षी जन्मलेली मुले आज स्वतः शिकवू लागली आहेत. त्याच निर्देशांत कामाच्या निकडीप्रमाणे तास मागेपुढे करण्याची मुभाही आहे, आणि गेली तीन दशके रुग्णालये त्या मुभेवरच चालली आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम केले तेव्हा त्यात स्पष्ट आकडा घालण्याची संधी होती. आयोगाने कामाचे तास वाजवी असावेत आणि विश्रांतीला वाजवी वेळ मिळावा एवढे लिहून विषय मिटवला. वाजवी म्हणजे किती, हे अर्थातच विभागप्रमुख ठरवतात. पुढे २०२४ मध्ये आयोगाच्याच राष्ट्रीय कृती दलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यात आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास काम, एक दिवस सुट्टी आणि रोज ७ ते ८ तास झोप, अशी शिफारस आहे. हे ७४ तास सहा दिवसांवर वाटले तरी रोजचे बारा तासांहून अधिक होतात. इतके तास मी एखाद्या चालकाला रोज चाकावर बसवले असते तर आगारात काम बंद पडले असते. तरीही ही शिफारस जरी अमलात आली असती, तरी माझ्या मुलीने ती आनंदाने स्वीकारली असती.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात काय घडले ते आपणास सांगायला नको. सलग ३६ तासांच्या ड्युटीत थोडा विसावा घेण्यासाठी सेमिनार हॉलमध्ये गेलेल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि निवासी डॉक्टरांच्या ३६-३६ तासांच्या पाळ्या अमानवी असल्याचे सुनावणीत सांगितले. त्यानंतर देशभर चर्चा झाली ती सुरक्षारक्षकांची, कॅमेऱ्यांची आणि नव्या कायद्याची. ती व्हायलाच हवी होती. पण विश्रांतीसाठी त्या मुलीला सेमिनार हॉल का गाठावा लागला, हा प्रश्न लवकरच मागे पडला.

झोप न मिळाल्याने माणसाचे काय होते, हे शोधण्यासाठी आपल्या वॉर्डांत नव्याने प्रयोग करण्याची गरज नाही. १९६३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील सॅन डिएगो येथे रँडी गार्डनर नावाचा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा विज्ञान प्रदर्शनातील प्रकल्प म्हणून जागा राहू लागला आणि २६४ तास, म्हणजे तब्बल ११ दिवस, जागा राहिला. झोपेचे अभ्यासक विल्यम डिमेंट आणि नौदलातील डॉक्टर जॉन रॉस त्याच्यावर लक्ष ठेवून होते. अखेरीस त्याला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले, तेव्हा तो ६५ पर्यंत आला आणि थांबला. का थांबलास असे विचारल्यावर, आपण काय करत होतो तेच विसरलो, असे त्याने सांगितले. जागरणाच्या विक्रमांची नोंद घेणे गिनेस बुकाने १९९७ मध्ये त्यातील धोका ओळखून बंद केले.

आमच्या मुलांना अकरा दिवस कोणी जागवत नाही, हे मान्य आहे. पण त्याची गरजही नसते. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि डोळा यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो, आणि २४ तासांनंतर तो ०.१० टक्के मद्य असल्यासारखा होतो. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य सापडले, म्हणजे ०.०३ टक्क्यांची मर्यादा ओलांडली, की चालकावर गुन्हा दाखल होतो. चालकाच्या तोंडाला वास आला तर मी गाडी सोडत नसे. चोवीस तास जागलेल्या डॉक्टरच्या तोंडाला कसलाच वास येत नाही, आणि त्याच्या हातात त्या वेळी एखाद्या अर्भकाची शीर शोधणारी सुई असते.

शिवाय थकलेल्या माणसाला आपण किती थकलो आहोत हे कळत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची कामगिरी, दोन रात्रींपर्यंत अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली होती. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेसेच पेंगुळलो आहोत असे वाटत होते. तेव्हा, ‘जमतंय सर’ हे निवासी डॉक्टरचे उत्तर कृपया पुरावा म्हणून ग्राह्य धरू नका.

मुलगी घरी आली की तिचे अ‍ॅप्रन भिजत घालण्याआधी मी खिसे रिकामे करतो. एकदा त्यातून चौघडी केलेला कागद निघाला. हे लोक दिवसभराच्या कामांची यादी अशा कागदावर ठेवतात; खाटेचा क्रमांक, करायचे काम, आणि काम झाले की समोर टिक. वरच्या ओळी नीटनेटक्या होत्या. खाली येता येता अक्षर तिरके होत गेले होते, आणि शेवटी ‘१४ – सोडियम पाठवणे’ ही एकच नोंद तीनदा होती, दोनदा टिक केलेली आणि एकदा तशीच. मी विचारले तेव्हा तिने कागदाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “बाबा, अक्षर माझंच आहे, पण लिहिलेलं आठवत नाही.” तो रक्ताचा नमुना एकदा गेला, दोनदा गेला की गेलाच नाही, हे तिला सांगता येईना. सोडियमची तपासणी दोनदा झाल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. त्या ओळीत सोडियमच्या जागी इन्सुलिन असते तर काय झाले असते, हे मी तिला विचारले नाही; तिला ते माझ्याहून चांगले माहीत आहे.

आता माझी गाऱ्हाणी मांडतो.

पहिले गाऱ्हाणे खोट्या हजेरीचे. प्राध्यापकांच्या हजेरीसाठी आधारशी जोडलेली यंत्रणा महाविद्यालयांत बसली आहे. प्राध्यापक आला की नाही हे दिल्लीला कळते. निवासी डॉक्टर गेला की नाही हे त्याच मजल्यावरच्या कार्यालयाला कळत नाही. जोपर्यंत खरे तास कागदावर येत नाहीत तोपर्यंत शासन विधिमंडळात सगळे नियमानुसार आहे असे सांगणार, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरेही ठरणार.

दुसरे गाऱ्हाणे मला सर्वांत मोठे वाटते, आणि बाहेरच्या लोकांना ते ठाऊक नसते. ३६ किंवा ३८ तासांतले सगळे तास वैद्यकीचे नसतात. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, ज्याला हे लोक जेआर-वन म्हणतात, पहाटे उठून वॉर्डातल्या रुग्णांचे रक्त काढतो, नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावतो, त्या घेऊन प्रयोगशाळेत जातो, दुपारी अहवाल आणायला पुन्हा जातो, रक्तपेढीत पिशवीसाठी उभा राहतो, एक्स-रे साठी ट्रॉली ढकलतो, कारण वॉर्डबॉयची जागा रिक्त आहे किंवा एकच माणूस तीन वॉर्ड सांभाळतो आहे. एम.बी.बी.एस. होऊन, नीट पीजीसारखी परीक्षा देऊन आलेल्या माणसाच्या दिवसाचा केवढा तरी भाग अशा हेलपाट्यांत जातो. त्यात त्याचे शिक्षण होत नाही आणि रुग्णाची सेवाही नीट होत नाही. एस.टी.त आम्ही चालकाला गाडी धुवायला लावत नव्हतो. लावली असती तर त्याचे तासही कामगिरीतच धरावे लागले असते. शासनाला निवासी डॉक्टरांचे तास कमी करणे महाग वाटते, पण या तासांतला मोठा वाटा डॉक्टरांच्या नव्हे, तर चतुर्थ श्रेणी कर्मचारी आणि तंत्रज्ञांच्या जागा भरून वाचण्यासारखा आहे.

तिसरे, झोपण्याची जागा. ड्युटी रूम आहे तिथे खाटा कमी, खाटा आहेत तिथे दाराला कडी नाही, कडी आहे तिथे पाणी नाही. कोलकात्यानंतर यात काय बदलले, हे अधिष्ठात्यांनी एकदा स्वतः रात्री दोन वाजता फिरून पाहावे.

चौथे, तक्रार करायची कोणाकडे? ज्या विभागप्रमुखाने कामाचे तास लावले, त्याच्याच सहीने टर्म भरल्याचे प्रमाणपत्र मिळते. प्रबंधाचा मार्गदर्शक त्याच विभागातला असतो. अशा ठिकाणी तक्रारपेटी लावणे म्हणजे निव्वळ सजावट आहे.

पाचवे, प्रवेशाचा घोळ. २०२१ ची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा सप्टेंबरपर्यंत लांबली, समुपदेशन, म्हणजे जागावाटप, २०२२ च्या जानेवारीपर्यंत सुरूच झाले नाही, आणि तोवर देशभर एक अख्खी तुकडी नसताना बाकीच्यांनी तिचे काम ओढले. प्रवेशाला उशीर झाला की कोणाला किती जादा तास पडतील याचा अंदाज आधी बांधून तात्पुरती माणसे नेमणे अशक्य नव्हते.

या सगळ्यावर एक उत्तर हमखास मिळते: आम्हीही असेच शिकलो. मोठमोठे डॉक्टर हे अभिमानाने सांगतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या जागरणात रुग्णांचे काय झाले याची नोंद कोणी ठेवली होती? जिथे ती ठेवली गेली तिथले निष्कर्ष वेगळे आहेत. बॉस्टनमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २४ तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातून, पाळ्या कमी केलेल्या काळाच्या तुलनेत, ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्या. लांब पाळी करून घरी जाताना शिकाऊ डॉक्टरांच्या वाहनाला अपघात होण्याची शक्यता दुपटीहून अधिक असते, असे पुढच्याच वर्षी दिसून आले. आमच्याकडे ही मुले दुचाकीवरून जातात.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. डॉक्टर वारंवार बदलला की रुग्णाची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाताना गळते, आणि शस्त्रक्रिया अर्धी टाकून कोणी घरी जाऊ शकत नाही. हे खरे आहे. अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांची पाळी १६ तासांवर आणल्यानंतर ती पुन्हा २४ तासांपर्यंत वाढवण्यात आली, आणि मोठ्या चाचण्यांत लांब पाळ्यांमुळे रुग्णांच्या मृत्यूंत वाढ दिसली नाही, याकडे काही प्राध्यापक बोट दाखवतात. त्यांनी पुढचेही सांगावे: त्या चाचण्या आठवड्याला सरासरी ८० तासांच्या मर्यादेच्या आत झाल्या. तिथली ही मर्यादाही सहज आलेली नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर शिकाऊ होते आणि त्यांचे कामाचे तास प्रदीर्घ होते. तिच्या वडिलांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तास व सलग २४ तास ही मर्यादा घातली. आपल्याकडे भारतातच विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्याचा नियम काढला. तो अमलात आणताना केवढी ओढाताण झाली ते सर्वांनी पाहिले, पण निदान तिथे भांडायला एक आकडा आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कोणत्याही निवासी डॉक्टरला, पाळी सोपवण्याचा वेळ धरून, सलग २४ तासांहून अधिक काम देऊ नये आणि त्यानंतर किमान १२ तास बोलावू नये, असा शासन निर्णय तातडीने काढावा. हा आकडाही १९९२ च्या निर्देशांच्या दुप्पट आहे, याची मला जाणीव आहे. पण आजच्या स्थितीतून १२ तासांवर एका उडीत जाता येणार नाही, म्हणून त्याचे टप्पे आणि तारखा त्याच निर्णयात लिहाव्यात. आठवड्याची कमाल मर्यादा आजपासून ७४ तास असावी आणि साप्ताहिक सुट्टी वगळता येणार नाही असे त्यात स्पष्ट करावे.

निवासी डॉक्टरांच्या येण्या-जाण्याची खरी वेळ यंत्रावर नोंदवावी आणि दरमहा प्रत्येक विभागाचे तास, कोणाचेही नाव न देता, महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर जाहीर करावेत. मर्यादा ओलांडली गेली तर त्या दिवसाच्या कामाच्या वाटपावर विभागप्रमुखाने कारणासह सही करावी. रुग्णाला इजा झाल्यास होणाऱ्या प्रत्येक चौकशीत संबंधित डॉक्टर त्या वेळी किती तास जागा होता, हे नोंदवणे सक्तीचे करावे.

रक्त काढणे, नमुने पोहोचवणे, रुग्ण हलवणे या कामांसाठी रात्रपाळीसह माणसे नेमावीत आणि रिक्त जागांचा तपशील नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा. प्रत्येक वॉर्डाजवळ स्त्री व पुरुष डॉक्टरांसाठी आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली असावी. रात्र जागून निघालेल्या डॉक्टरला वसतिगृहापर्यंत किंवा घरापर्यंत सोडण्यासाठी रुग्णालयाचे वाहन मिळावे. आणि तक्रार ऐकणारी यंत्रणा महाविद्यालयाबाहेर, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे असावी, जिथे तक्रारदाराचे नाव त्याच्या मार्गदर्शकापर्यंत पोहोचणार नाही.

विद्यावेतन वाढवा असे मी या पत्रात म्हटलेले नाही; तो मार्डचा, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेचा, विषय आहे आणि ते तो मांडण्यास समर्थ आहेत. माझे मागणे एवढेच आहे की, गाडी रस्त्यावर सोडणाऱ्या माझ्यासारख्या नियंत्रकावर जेवढी जबाबदारी होती, तेवढी तरी वॉर्डात डॉक्टर उभा करणाऱ्यावर असावी. या पत्राचे लेखी उत्तर अधिवेशनाआधी मिळावे आणि ते, हे पत्र जसे जाहीर आहे तसेच, जाहीर असावे.

आपला,
एका निवासी डॉक्टरचा वडील
(निवृत्त वाहतूक नियंत्रक)